मुखेडला पाठवलेले हलके चित्र

लातूरच्या आमच्या दैनिकातले मुद्रितशोधक निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सत्काराचे हलते चित्र, म्हणजे जिफ, बनवून त्यांना पाठवले. त्यांच्या फोटोच्या गळ्यात हार पडतो, झेंडूच्या पाकळ्या झरतात, शेवटी शुभेच्छांची अक्षरे येतात. सहा सेकंद, नव्वद चौकटी म्हणजे फ्रेम, अकरा एमबी.

दुपारी ते कपाट रिकामे करायला आले होते. त्यांची आई मुखेडजवळच्या गावात पुतण्याकडे राहते.

"आईला दाखवायचंय, पण तिकडं उघडंना. नुसती चकरी फिरायलीय. हलकं करून द्या की."

"हारच लई जड होता तुमचा," मी म्हणालो. ते हसले आणि पुन्हा कपाटाकडे वळले.

मी रुंदी निम्मी केली. तरी दोन एमबी. एक आड एक चौकट काढली. रंग आठवर आणले, तेव्हा चेहऱ्यावर डाग पडले. म्हणून चित्र कृष्णधवल केले. अजून थोडे कमी हवे होते. शेवटची अक्षरे कापली. सत्काराचे घरी माहीतच असणार, असे मी गृहीत धरले. चारशे केबी झाले. माझे लक्ष त्या आकड्यावर होते. चित्र त्यांना न दाखवताच मी पुतण्याच्या नंबरवर पाठवले.

दहा मिनिटांत पुतण्याचा फोन आला.

"काका कवा वारले, साहेब? सांगायचं तरी व्हतं!"

मागे बाया रडत होत्या. मी स्क्रीनकडे पाहिले. करडा चेहरा, गळ्यात हार, खाली एक अक्षर नाही. पंधरा वर्षे निधनाच्या बातम्यांना मी असेच फोटो लावत आलो आहे.

मी फोन त्यांच्या हातात दिला. ते ओरडले, "अरं, जित्ता हाय मी! आईला दे."

आईने ऐकून घेतले. मग तिचा आवाज आला, अगदी सपाट: "आवाज भरून ठिवला असंल. माणूस गेल्यावर बी ऐकवत्यात मोबाइलात."

व्हिडिओ कॉल तीनदा लावला. तिकडे रेंज नव्हती. तिने पाणीही घेतले नाही, असे पुतण्या सांगत राहिला. आम्ही मुखेडची एसटी धरली.

अंगण भरले होते. घरची चूल विझवली होती. शेजारणीने आणलेली पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती. त्यांना पाहून एक बाई किंचाळली. आई उठली नाही. ते पुढ्यात बसले, तेव्हा तिने त्यांचा गळा दोन्ही हातांनी चाचपला, मग मनगट धरले. तिचा पदर भिजलेला होता.

मी चूक सांगितली, माफी मागितली. तिने माझ्याकडे पाहिले.

"तुमच्या हापिसात छापायच्या आदी कुणी बघत न्हाई का?"

"ते माझंच काम व्हतं, आई," ते म्हणाले. "काल संपलं."

तिने मनगट सोडले नाही. ते मुक्कामाला राहिले. परतीची बस येईपर्यंत मी अंगणात उभा होतो. मला कोणी पाणीही विचारले नाही.