रुमालाखालची बोटं

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला बाबांचा हात आठवतो. सत्तरच्या दशकात ते गांधीबागेच्या बाजारात कापडाची दलाली करत, रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून गुपचूप भाव ठरवत.

त्यांच्या आजारपणात मी त्यांना विज्ञानकथा वाचून दाखवायची. एका कथेत परग्रहावरचे शिपाई कुजबुजसुद्धा ऐकतात, तरी व्यापारी त्यांच्या नाकावर टिच्चून सौदा करतात.

“रुमाल टाकला असंन वं हातावर!” बाबा खुदकन हसले.

पुढे त्यांची वाचा गेली. शेवटच्या दुपारी चादरीखाली त्यांनी माझा हात धरला आणि ते बोटं दाबू लागले, पुन्हा पुन्हा.

“बाबा, काय म्हणून राहिले?”

ते माझ्या उत्तराची वाट पाहत राहिले. मुलीला दलाली कशाला, म्हणून ती भाषा त्यांनी मला शिकवलीच नव्हती.