फोटोतलं पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षांत बजाजनगरात सगळ्यात जास्त पाणी कुणी ओतलं असेल, तर ते मी. टँकरवाल्यांनी राग मानू नये. ते यायचे तेव्हा यायचे. मी रोज सकाळी दुकान उघडलं की ओतायला बसायची, तेही बसल्या जागी, माऊसनं.

झेरॉक्स, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, फ्लेक्सचं डिझाईन असं सगळं एकाच खोलीत चालणाऱ्या एका दुकानात मी कामाला होते. मालकांना सगळी गल्ली काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. काकांनी कुणाकडून तरी फोटोचं भारीतलं सॉफ्टवेअर आणून टाकलं होतं, पण ते उघडलं की आमचा कॉम्प्युटर म्हाताऱ्या बैलासारखा बसकण मारायचा. मग मी कॉम्प्युटरसोबत फुकट आलेलं, चित्रं काढायचं साधं सॉफ्टवेअर धरलं. लहान पोरं ज्यात डोंगर आणि घर काढतात, तेच. एक पेन्सिल, एक ब्रश, एक खोडरबर आणि रंग ओतायची एक बादली. शाळेत आमचा चित्रकलेचा तास नेहमी गणिताच्या बाई पळवायच्या, त्याची सगळी भरपाई मी त्या खोलीत करून घेतली. काका बाहेर गेले की मी गिऱ्हाईकाचं काम बाजूला ठेवून मोर काढत बसायची.

शहर तेव्हा चहूकडं सुटलं होतं. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं-पलीकडं, माळावर चुन्याच्या रेघा मारल्या की झाली सोसायटी. प्लॉटिंगवाले कोऱ्या माळाचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, ताई, जरा गार्डन टाका. मी गार्डन टाकायची. नारळ लावायची, बाकडी ठेवायची, आणि मधोमध कारंजं. कारंजं नसेल तर प्लॉट विकतच नसे म्हणे. एकदा हौदाची रेघ कुठंतरी बारीकशी उघडी राहिली. बादली ओतली, तर निळा रंग त्या फटीतून निसटला आणि प्लॉट, रस्ते, नारळ सगळं बुडवून थेट आभाळाला भिडला. मी कपाळाला हात लावला. प्लॉटिंगवाला मात्र खूश झाला, म्हणाला, राहू द्या की, लई भारी दिसतंय. त्याच्या मागं रस्त्यावर रिकामे ड्रम घेऊन बाया टँकरची वाट बघत होत्या.

त्याच दिवसांत लग्नाच्या बायोडाटाचे फोटो यायचे. आधी खेड्यातली पोरं मोटरसायकलला टेकून फोटो काढायची, आता विहिरीला टेकून काढायला लागली होती. कारण मुलीकडचे पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचे, पगार आणि शिक्षण नंतर. पोराबरोबर आलेला काका-मामा मग काउंटरवर वाकून हळूच सांगायचा, विहीर तेवढी भरून द्या. मी तोंडावरचे फोड पुसायची, शर्टावर कोट चढवायची, टक्कल झाकायची. विहिरीत मात्र एक थेंब टाकला नाही. आमचे काका वैतागायचे, कारंजं चालतं तर विहिरीनं काय घोडं मारलंय? मी म्हणायची, कारंज्याचं पाणी भरायला कुणी कळशी घेऊन जात नाही, विहिरीवर तीच पोरगी जाणार असते.

आणि एक दिवस माझंच स्थळ आलं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते वाळूजला कंपनीत होते. ड्युटीवरून आले की चपला काढायच्या आधी ड्रममध्ये डोकावायचे. गल्लीतल्या टँकरच्या पाइपासाठी त्यांनी चांगल्या-चांगल्या शेजाऱ्यांशी अबोला धरला होता. त्यांनी एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती, की पोरीला पाण्याच्या घरी द्यायची. आत्यानं दौलताबादकडचं स्थळ आणलं. पेरूची बाग, मुलगा शेतीचा डिप्लोमा झालेला. फोटोत तो हात खाली सोडून सरळ उभा होता आणि त्याच्या मागं निळंशार, काठोकाठ पाणी. अण्णांनी तो फोटो हातात घेतला आणि किती तरी वेळ खाली ठेवलाच नाही. मुलगा गोरा की काळा हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं. ते पाणी बघत होते.

मीही पाणीच बघत होते, पण माझा डोळा वेगळा. पाण्याच्या कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच, कुठं तरंग नाही. दुसऱ्या दिवशी फोटो दुकानात नेला, स्कॅन केला, चौकोन चौकोन दिसेपर्यंत मोठा केला. नुसत्या पाण्यावरच डोळे लावून बसले होते मी, दुपारच्या डब्याचंही भान राहिलं नाही. संध्याकाळी घरी येऊन सांगून टाकलं, की चौकट आखून बादली ओतलीय, हे पाणी खोटं आहे.

अण्णा भडकले. म्हणाले, तुझ्या डोळ्यांचाच कॉम्प्युटर झालाय, तुला आता खरं काही दिसतच नाही. मी म्हणाले, खोट्या पाण्याच्या घरी मी जाणार नाही. ते म्हणाले, माणसं बघून तरी घे. मी म्हणाले, तुम्ही कुठं माणूस बघितला? आई म्हणाली, आधी त्यांना पोहे खाऊन जाऊ द्या, मग भांडा. मला रडूच यायला लागलं होतं. ज्या गोष्टीला मी दुकानात रोज नाही म्हणायची, तिनंच माझं लग्न ठरत होतं.

मंडळी आली. मुलगा, त्याचे आई-वडील आणि त्याचा मामा. मामाच सगळं बोलत होता. मुलाचा डावा हात मांडीवरच्या रुमालाखाली, उजव्या हातानं तो पोहे खात होता. मामानं मला स्वयंपाक, भरतकाम वगैरे विचारलं आणि शेवटी रीतीप्रमाणं म्हणाला, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. रीतीप्रमाणं मुलगी मान खाली घालून नाही म्हणते. मी मान वर करून म्हणाले,

"तुमच्या फोटोतलं पाणी खोटं आहे."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मामा काहीतरी बोलायला लागला, पण मुलानं त्याला थांबवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला,

"पाणी खरं आहे. हात खोटा आहे."

त्यानं रुमाल बाजूला केला. डाव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातच संपली होती. कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली, असं त्यानं सरळ सांगितलं. मामानं परस्पर शहरातल्या एका स्टुडिओतून हात नीट करून घेतला आणि फोटो वाटून टाकले. याला कळलं तोवर आमच्याकडं फोटो पोचला होता. आज सगळ्यांसमोर सांगायचंच, असं तो घरून ठरवून आला होता.

फोटो समोर शोकेसमध्येच उभा केला होता. मी उठून आणला आणि पहिल्यांदा पाण्यावरून नजर काढून माणसाकडं बघितलं. अरे देवा! स्टुडिओवाल्यानं त्याचा उजवाच हात उचलून डाव्या जागी चिकटवला होता, फिरवलासुद्धा नव्हता. अंगठा भलत्याच बाजूला. त्या माणसाला दोन उजवे हात होते, आणि फोटोचं काम करून पोट भरणारी मी, चौकोन चौकोन तपासून, ते बघू शकले नव्हते. मी अण्णांना ऐकवत होते आणि माझे डोळेही पाण्यातच बुडाले होते. मला हसू आवरेना. मी फोटो त्याच्यापुढं धरून अंगठ्यावर बोट ठेवलं. त्यानं बघितलं आणि तोही हसायला लागला. त्यालाही हे कधी दिसलं नव्हतं. बाकीच्यांना वाटलं आम्हा दोघांनाही वेड लागलं.

अण्णांनी मला आत बोलावलं. आता त्यांचा आवाज बदलला होता. म्हणाले, पाणी आहे गं, पण हाताचं कसं करायचं? मी म्हणाले, कुणी विचारायच्या आधी त्यानं स्वतः सांगितलं अण्णा, मला हाच पाहिजे. त्यांनी विचारलं,

"आणि उद्या पाणी आटलं तर?"

"आटू द्या," मी म्हणाले.

रिवाजाप्रमाणं आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं होतं. चौकोनी खोदलेलं, खाली निळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यामुळं पाणी एकाच रंगाचं, कडा सरळ. मी जन्मभर बजाजनगरात वाढलेली, मला तळं म्हणजे दगडाचं आणि हिरवट एवढंच ठाऊक. मी वाकून पाण्यात हात घातला. अण्णा मागं उभे राहून, झालं का समाधान, म्हणून चिडवत होते. त्या दिवशी ते लई आनंदात होते.

लग्न झालं. मी दुकान सोडलं, पण जुना कॉम्प्युटर काकांनी अहेर म्हणून दिला. बागेच्या पेरूच्या खोक्यांवरची चित्रं मी काढायला लागले. नवरा शेजारी बसून पानं मोजायचा आणि सांगायचा, पेरूची पानं अशी समोरासमोर येतात, तुमची चुकली. पहिल्या खोक्यावरचा पेरू आमच्या सासूबाईंना लिंबू वाटला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तळं खरंच आटलं. प्लास्टिक उघडं पडलं, त्यावर धूळ बसली. टँकर विकत घेऊन झाडं जगवायची वेळ आली. मी अण्णांना फोनवर सांगितलं आणि सांगून झाल्यावर जीभ चावली. ते दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून हजर. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते बांधावर आले, कोरड्या तळ्यात एकदा डोकावले. माझा नवरा भर उन्हात नळी धरून एकेका झाडाच्या बुडाला थोडं थोडं पाणी सोडत होता. अण्णा चपला घालून तसेच चिखलातून त्याच्याकडं गेले. त्याच्या हातातली नळी काढून, मागोमाग आलेल्या माझ्या हातात दिली आणि त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला.

"किती वेळचे उन्हात उभे आहात? चला, आधी जेवून घ्या," ते म्हणाले, आणि त्याला तसंच हाताला धरून घराकडं घेऊन गेले.