आमच्या घरातली भुतं

कुवेतहून परत येऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिथल्या मंडळींपैकी कुणी पुण्यात आलं की आमचं ठरलेलं. जेवणं उरकतात, हात वाळतात, तरी पानावरून कुणी उठत नाही! गप्पा नोकरीवरून उकाड्यावर, उकाड्यावरून व्हिसावर जातात आणि शेवटी हमखास येतात त्या भुतांवर. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात. असं करत करत आता या भुतांचा नुसता ढीग झालाय.

भुतं म्हणजे टीव्हीवरची. एक जुनी अमेरिकन मालिका होती. जळमटांनी भरलेलं घर आणि त्यात राहणारं भुताटकीचं कुटुंब. दार करकरतं, आजी पातेल्यात काहीतरी फसफसणारं ढवळते, घरात वटवाघूळ पाळलेलं. गंमत म्हणजे, आपण अगदी चारचौघांसारखे आहोत अशी त्यांची ठाम समजूत! आलेला पाहुणा किंचाळत पळाला की ती बिचारी विचारात पडतात, 'चहात साखर कमी झाली का?'

आम्ही तिला नुसतं 'भुतं' म्हणायचो. संध्याकाळी आमच्या सालमिया भागातल्या बिल्डिंगमध्ये जिन्यात हाका ऐकू यायच्या, "अगो, तुमच्याकडे भुतं लागली का?" नवीन आलेली माणसं दचकायची!

* * *

सुरुवात झाली ती ब्याण्णवमध्ये. आम्ही नुकतेच कुवेतला आलो होतो. शेखर, म्हणजे माझा नवरा, रिफायनरीत इंजिनिअर. पहिल्या पगारात त्याने मोठ्या हौसेने कलर टीव्ही आणला. अँटेना जोडली, बटण दाबलं, तर चित्र काळं-पांढरं!

शेखरने सगळी बटणं पिळून पाहिली. मॅन्युअल वाचलं. टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. शेवटी ते धूड तसंच उचलून खाली टॅक्सीत घातला आणि दुकानात नेऊन आदळला. "कलर म्हणून ब्लॅक अँड व्हाइट दिलात!"

दुकानदाराने शांतपणे वायर जोडली. पडद्यावर तेच कुटुंब. मग त्याने चॅनल बदललं, तर लालबुंद फुलांची जाहिरात लागली.

"साब," तो म्हणाला, "टीव्ही कलर है. ये फॅमिली कलर नहीं है!"

टीव्ही चांगला निघाला म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. शेखर मात्र पुढे कित्येक महिने त्या दुकानाच्या रस्त्याने गेला नाही. आणि आम्ही ती मालिका बघायला लागलो, ती कायमची.

* * *

माझ्या सासूबाई नाशिकहून राहायला आल्या, तेव्हा मला धास्ती होती. शेखर कामावर, भाषा येत नाही, बाहेर ऊन भाजून काढतंय. या बाईंचा दिवस जायचा कसा?

तो भुतांनी घालवला. इंग्रजीचा गंध नसताना आई रोज टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायच्या. पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "हे सगळे असे पांढरेफटक का? अॅनिमिया आहे का घरात?"

नंतर वरच्या मजल्यावरच्या उम्म खालिदही खाली येऊन बसायला लागल्या. या कुवेती आजी आमच्या घरमालकांच्या आई. त्या अरबी सबटायटल्स वाचायच्या, आई नुसती तोंडं बघायच्या, आणि दोघी हसायच्या बरोबर एकाच जागी! मालिका संपली की खजूर आणि चिवडा समोर घेऊन दोघींच्या गप्पा चालायच्या. एक अरबीत, एक मराठीत.

एकदा उम्म खालिद गेल्यावर आई मला म्हणाल्या, "त्यांच्याही सुनेला भात मोकळा जमत नाही म्हणे."

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? मी तुझं सांगितलं, मग त्यांनी तिचं सांगितलं!"

* * *

बबन गावडे आमच्याकडे दर शुक्रवारी जेवायला यायचा. कुडाळकडचा, शेखरच्या प्लांटवर फिटर, बायकामुलं गावी. बबनचा भुतांवर पक्का विश्वास होता. मालिका लागली की तो टीव्हीकडे पाठ करून बसायचा आणि भिंतीकडे तोंड करून सोलकढी प्यायचा.

"बबन, अरे विनोदी आहे ते."

"वयनी, अशी थट्टा बरी न्हय."

एका शुक्रवारी त्याने चुकून मान वळवली आणि मग वळवलेलीच ठेवली. भुरके थांबले. बराच वेळ बारकाईने बघून झाल्यावर त्याने ग्लास खाली ठेवला आणि मोठ्ठा श्वास सोडला.

"वयनी, ह्यां भूत खोटां! पाय बघा, सरळ आसत!"

त्या दिवसापासून तो सर्वांत पुढे बसायला लागला.

* * *

मग आमची मृण्मयी शाळेत जायला लागली. घरात आम्ही मराठी बोलायचो, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. एक दिवस तिच्या टीचरचा फोन आला. जरा भेटायला या म्हणाल्या. आवाज फारच हळुवार होता. शेखरही बरोबर आला.

टीचरनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, वर्गात 'माय फॅमिली' या विषयावर मुलांना बोलायला सांगितलं होतं.

"मृण्मयी म्हणाली, माझी आजी पातेल्यात काळं पाणी उकळते आणि आम्हाला पाजते. संध्याकाळी सगळ्या घरात धूर करते. माझे बाबा दिवसा पडदे लावून झोपतात, अंधार पडला की बाहेर जातात. आणि आमच्याकडे एक अंकल येतात, ते भुतांचे पाय तपासतात."

मी आणि शेखरने एकमेकांकडे पाहिलं.

"मुलं टीव्ही बघतात, मी समजू शकते," टीचर म्हणाल्या, "पण हे जरा अति होतंय. तुम्ही ती मालिका बंद करा."

शेखरने घसा खाकरला. "मॅडम, यातलं टीव्हीवरचं काहीच नाही. आई काढा करतात, धूप घालतात. माझी या महिन्यात नाइट शिफ्ट आहे."

टीचरनी समोरच्या कागदावरच्या तीन ओळी खोडल्या. मग म्हणाल्या, "आणि ते अंकल?"

* * *

एका सुट्टीत आम्ही आणि बबनने मिळून खैरानला समुद्रकाठी शॅले, म्हणजे सुट्टीपुरतं छोटं घर, भाड्याने घेतलं होतं. दुपारी अचानक वाऱ्याने वाळू उठली. हाताचं बोट दिसेना. धावत सगळे आत आलो, दारं लावली, डोकी मोजली, तर मृण्मयी नाही!

शेखर पाण्याच्या दिशेने पळाला, बबन रस्त्याच्या. मी तोंडाला ओढणी गुंडाळून एकेक शॅलेचं दार बडवत सुटले. घशात वाळू गेलेली, नावसुद्धा धड घेता येईना.

एक दार उघडलं. एक कुवेती बाई उभी. माझा अवतार बघूनच तिला सगळं कळलं असावं. काही न विचारता तिने माझा दंड धरला आणि मला आत ओढलं. आत गालिच्यावर तिची मुलं ओळीने बसली होती, आणि त्यांच्या मधोमध आमची बया! हातात ज्यूस, नजर टीव्हीवर. भुतं लागली होती.

मी तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले.

मृण्मयीने मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं. "मम्मा, श्शू! क्राय इन द ब्रेक ना!"

* * *

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये शेजारच्या देशात युद्ध सुरू झालं. आई तेव्हा नाशिकला परतलेल्या होत्या. शाळा बंद, सायरन केव्हाही वाजायचे. विषारी वायूच्या भीतीने आम्ही बेडरूमच्या खिडक्या प्लास्टिक लावून टेपने बंद केल्या होत्या. टीव्ही आणि फोनही तिथेच आणून ठेवले होते. बबन एकटा नको म्हणून त्याला आमच्याकडेच आणलं होतं. सायरन झाला की सगळे आत, दाराच्या फटीला ओला टॉवेल.

आदल्या दिवसापासून भारतात फोन लागत नव्हता. शेखर सारखा नंबर फिरवत होता. आई टीव्हीवर बातम्या बघत असणार, आणि तिकडे आपली काहीच खबर नाही, या विचाराने त्याने धड जेवणही केलं नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमाराला पुन्हा सायरन झाला. आम्ही आत जाऊन बसलो. बातम्या बघवेनात. मृण्मयीने उठून गुपचूप भुतांची, पूर्वी रेकॉर्ड करून ठेवलेली कॅसेट लावली.

आणि फोन वाजला.

शेखरने झडप घालून उचलला. पलीकडून आईंचा आवाज, इतका मोठा की मला शेजारी ऐकू येत होता. "शेखर? शेखर, अरे बोल! कसे आहात सगळे?"

शेखरने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. रिसिव्हर कानाला, डोळ्यांतून पाणी, ओठ नुसते हलतायत. मी फोन मागायला हात पुढे केला, तर तो सोडेना.

तेवढ्यात पडद्यावरचा पाहुणा किंचाळत पळाला. कॅसेटमधले प्रेक्षक खो खो हसले. त्यांच्या मागोमाग बबन हसला, आणि मग मृण्मयीही.

हा हशा फोनमधून थेट नाशिकपर्यंत गेला.

मग आई म्हणाल्या, "कुठला भाग लागलाय?"

शेखर कसाबसा म्हणाला, "तो... विमा एजंट येतो तो."

"चांगला आहे तो. बघा सगळे," आई म्हणाल्या. "संपलं की फोन कर."