तीनशेवं पाखरू

काशीराम भुवड यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या तोंडात अंदाजे चाळीस पाखरं होती. कानात किती होती ते मोजलं नाही. शिरगावात राहायला येऊन मला तीन दिवस झाले होते. संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना वळणावर एकदम प्रचंड उजेड दिसला. मला वाटलं समोरून ट्रक येतोय. मी डावीकडे घेतलं, कुंपण ओलांडलं, अबोलीचा एक वाफा आणि अळवाचे दोन वाफे पार केले आणि अंगणात ताणून बांधलेल्या एका पांढऱ्या चादरीत स्कूटरसकट शिरलो. चादर मला गुंडाळली. चादरीवर बसलेल्या साधारण सात लाख पतंगांनी तोच मुहूर्त धरून माझ्या शर्टात प्रवेश केला. मी मेलो असं मला वाटलं, आणि वर कोणीतरी शिट्टी वाजवून त्याला दुजोराही दिला.

चादर बाजूला झाली तेव्हा समोर खाकी शर्ट, लुंगी आणि गळ्यात शिट्टी अशा वेषातला एक साठीचा गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होता. "लागलं का?" वगैरे त्याने विचारलं नाही. मी उठून वहीत डोकावलो. "८.१७. मोठा. पाटी नाही. धडकून आला." ही माझी नोंद होती.

काशीरामभाऊ रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. अजूनही सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणतं. एकोणतीस वर्षं अकरा महिने नोकरी झाली आणि वयाने त्यांना निवृत्त केलं. तीस वर्षांना एक महिना कमी पडला. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली, पण "अंदाजे तीस वर्षं" असं ज्या साहेबांनी भाषणात म्हटलं त्यांचं नाव काशीरामभाऊ आजही घेत नाहीत. कंट्रोलरच्या आयुष्यात 'अंदाजे' हा शब्द प्रवाशांनी वापरायचा असतो.

घरी बसल्यावर करायला काही उरलं नाही. तेव्हा आखातातून कायमचा परतलेला मुसा इलेक्ट्रिशियन एक मोठा पाऱ्याचा दिवा घेऊन आला आणि म्हणाला की कंट्रोलर, हा अंगणात लावा, साप दिसतील. साप दिसले नाहीत. पाखरं दिसली. उजेडाकडे येणारी, फेऱ्या मारणारी, थोडा वेळ टेकून निघून जाणारी पाखरं. येणं, थांबणं, जाणं. काशीरामभाऊंचे हात आपोआप वहीकडे गेले.

वही एसटीच्या पद्धतीने आखलेली होती. आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, कुठून आली, शेरा. पतंगांना आपल्याकडे कोणी धड नावं ठेवलेली नाहीत, म्हणून काशीरामभाऊंनी त्यांना गाड्यांची नावं दिली. एक तपकिरी, जाडजूड पतंग रात्री चादरीवर बसला की सकाळपर्यंत हलत नसे, तो 'मंडणगड मुक्काम'. एक हिरवा, टेकायच्या आतच उडणारा, तो 'अलोरे विनाथांबा'. समुद्राच्या बाजूने यायची ती 'हर्णे जलद' आणि तिच्यामागून पाच मिनिटांनी 'हर्णे साधी'. जलद लहान आणि पिवळी, साधी मोठी आणि मळकट पांढरी. मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो, फोटोला वहीतला क्रमांक. जलद एकशे बारा, साधी एकशे सत्त्याऐंशी.

काशीरामभाऊंच्या पत्नी गंगावहिनी एकदा चहा ठेवून जाता जाता म्हणाल्या, "ही दोघं रोज एकामागून एक येताहेत. नवरा-बायको दिसताहेत."

"वेळापत्रकात नवरा-बायको नसतात गो," काशीरामभाऊ म्हणाले, आणि विषय संपला.

दर रविवारी ग्रामीण फेरी असे. मागच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, दोन काजूंच्या झाडांमध्ये चादर बांधायची, बॅटरीवरचा दिवा लावायचा, आणि ढोरं घेऊन घरी परतणाऱ्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी या फेरीला चादर धरायला जायचो. चादर गंगावहिनींची, तीही लग्नातली. तिच्यावरच्या डागांबद्दल त्या जे बोलायच्या ते मी शेजारधर्म म्हणून लिहीत नाही.

बारा वर्षांत आकडा दोनशे नव्याण्णववर आला आणि तिथेच अडकला.

त्याच सुमाराला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी नम्रता त्यांच्याकडे आली. जिल्ह्यातल्या पतंगांची यादी छापायचं तिच्या मनात होतं. वही बघून आधी ती पोट धरून हसली, मग तासभर वाचत राहिली. कोणता पतंग किती वाजून किती मिनिटांनी येतो हे सलग बारा वर्षं आजवर कोणीच लिहून ठेवलेलं नव्हतं, असं तिने सांगितलं. शास्त्रीय नावं ती लावणार होती, आणि यादीत काशीराम भुवड यांच्या नावापुढे त्यांचा आकडा छापणार होती. ऑक्टोबरअखेर यादी बंद.

काशीरामभाऊंनी तिच्यासमोर बिस्किटांचा डबा उघडला. आत पाच-सहा मोठे पंख होते, करड्या रंगाचे, प्रत्येकावर घुबडाचा असावा तसा एक डोळा. चार वर्षं भाद्रपद-आश्विनात सकाळी हे पंख ओटीवर पडलेले मिळत. वटवाघूळ मधलं खाऊन पंख टाकतं. वहीत त्याची नोंद 'अपघातग्रस्त' अशी होती. अख्खं पाखरू काशीरामभाऊंनी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

"हेच तीनशेवं," ते म्हणाले.

नम्रताने मान हलवली. नुसत्या पंखांवर नोंद होणार नव्हती. जिवंत आणि अख्खं दिसायला हवं, फोटो हवा. मग तिने विचारलं की दिवा किती वाजेपर्यंत चालू असतो.

"दहापर्यंत."

"दहाच का?"

"दहाला माझी ड्यूटी संपते."

नम्रताने माझ्याकडे पाहिलं. मी अळवाकडे पाहिलं. बारा वर्षं, घड्याळात दहा वाजले की हा माणूस वहीवर सही करून दिवा बंद करत होता. निवृत्त होऊनही पाळी मोडली नव्हती.

"काका, हे पाखरू मध्यरात्रीनंतर येतं," नम्रता म्हणाली.

"मग ते दुसऱ्या पाळीचं झालं."

"दुसऱ्या पाळीला कंट्रोलर कोण आहे?"

या प्रश्नाने काशीरामभाऊ दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे एकेक भाकरी कमी जेवले. नियम म्हणजे नियम. पण दोनशे नव्याण्णव म्हणजेही दोनशे नव्याण्णव. एकदा एका महिन्याने हुकलं होतं, आता एका पाखराने हुकणार होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबल ड्यूटीसाठी रीतसर अर्ज लिहिला. अर्ज कोणाला द्यायचा हा प्रश्न होता. शेवटी तो गंगावहिनींना दिला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि झोपमोड करायची नाही या अटीवर मंजूर केला.

नम्रताने सांगितलं होतं की या पाखराला दिव्यापेक्षा पिकून सडलेलं फळ जास्त आवडतं. म्हणून अतिपिकलेली केळी गुळात कालवून फणसाच्या बुंध्याला लावायची. कालवण्याचं काम अर्थातच वहिनींकडे. घरात पाव्हणे आले तर एक केळं देताना दहादा विचार करता आणि वटवाघळाच्या जेवणाला डझनभर, असं त्या रोज संध्याकाळी कालवता कालवता म्हणत आणि हात पदराला पुसत.

पाच रात्री गेल्या. बुंध्यावर मुंग्या आल्या, एक उदमांजर आलं, मुसा येऊन केळ्यांचा वास घेऊन नाक दाबून गेला. काशीरामभाऊ खुर्चीत ताठ बसून सगळ्यांच्या नोंदी करत होते. तारीख तीस झाली.

एकतीसला पहाटे, पाच वाजायच्या आत माझा फोन वाजला. पलीकडून काशीरामभाऊ कुजबुजत होते. आयुष्यभर ज्या माणसाने भोंग्यातून अख्ख्या स्टँडला गाड्या सांगितल्या तो कुजबुजतोय म्हटल्यावर मी बनियनवरच धावलो.

गंगावहिनी न्हाणीत पाणी तापवायला उठल्या होत्या. अंगावर कालचंच लुगडं, पदराला केळी आणि गूळ. अंगणाच्या मधोमध त्या पुतळ्यासारख्या उभ्या होत्या, हातात जळण. आणि खांद्यावरच्या पदरावर तळहाताएवढा, करडा, दोन डोळे वटारलेला पतंग निवांत बसून गूळ पीत होता.

काशीरामभाऊंना हातातली वही सोडवेना, म्हणून मोबाइल त्यांनी माझ्याकडे दिला.

"हलू नको गो," ते पुटपुटले. "गाडी फलाटाला लागलीय."

"म्हणजे मी फलाट काय?" ओठ न हलवता वहिनी म्हणाल्या. "लग्नात अंतरपाटामागं पण इतका वेळ उभी नव्हते. भावजी, काढा फोटो, हात भरून आला."

मी एकोणीस फोटो काढले. काशीरामभाऊ पाखराला बघत होते. मग वहिनींच्या चेहऱ्याकडे बघू लागले, आणि बराच वेळ तिथेच बघत राहिले.

"आता काय बघताव?" वहिनी म्हणाल्या.

"काय नाय. शेरा काय लिहायचा ते बघतोय."

कोंबडा आरवला तसं पाखरू पदरावरून उठलं, दिव्याला एक फेरी घातली आणि फणसाच्या पलीकडे गेलं. काशीरामभाऊंनी वही उघडून स्वच्छ अक्षरात लिहिलं: "आली ४.५२. सुटली ५.१९. फलाट: गंगा." वहिनींनी चुलीत जळण घातलं. त्या दिवशी शिरगावात आणि स्टँडवर मिळून दोन किलो पेढे वाटले गेले. स्टँडवरच्या नव्या कंट्रोलरने एका पेढ्याच्या बदल्यात भोंग्यावरून ही बातमी सांगितली आणि खेडच्या गाडीला थांबलेले प्रवासी गोंधळले.

आठ दिवसांनी नम्रताचा निरोप आला. पतंग बरोबर होता, नोंद मान्य झाली होती. बाकीची यादी तपासताना मात्र तिला आढळलं की क्रमांक एकशे बारा आणि एकशे सत्त्याऐंशी, म्हणजे हर्णे जलद आणि हर्णे साधी, हे एकाच जातीचे नर आणि मादी आहेत.

यादी डिसेंबरात छापून झाली. काशीराम भुवड, शिरगाव, यांच्या नावापुढे २९९ आहेत.