मित्राच्या नावाची ब्रँच

कपाशीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं ॲप मी आणि माझा कॉलेजचा मित्र मिळून बनवत होतो. मी दिग्रसला, तो फुलसावंगीला. तिथे त्याचं कृषी केंद्र आहे. मूळ कोडला थेट हात लावायचा नाही, असं आमचं ठरलेलं. काही करून पाहायचं तर कोडची आपली वेगळी ब्रँच काढायची. जमलं तर ती मूळ कोडमध्ये मिळवायची, फसलं तर सोडून द्यायची. मागे त्याची एक ब्रँच इतकी जमली होती, की मी त्याला शाबासकी दिली होती.

ऐन पेरणीच्या दिवसांत त्याच्या नावाची एक ब्रँच दिसली आणि मला खटकलं. दुकानात तेव्हा त्याला जेवायची फुरसत नसते, आणि ब्रँचमध्ये बदल येत होते ते भर दुपारी. शिवाय प्रत्येक बदलाखाली काय केलं, कशासाठी केलं, ते नीट लिहिलेलं. हा माणूस 'झालं' याच्यापुढे कधी काही लिहीत नसे.

मी फोन केला. "ते नवीन ब्रँच तूच करून राह्यला काय?"

"मंग कोण करन? काहून बे?" मागे गिऱ्हाइकांचा गलका होता. त्यानं फोन ठेवला.

यानं आपलं काम कुण्या कंपनीच्या हाती दिलं, हा संशय एकदा घुसला तो निघेचना. मी माझा कोड चढवणं बंद केलं, लॅपटॉपवरच दडवून ठेवला. शेवटी न कळवता एसटीनं फुलसावंगी गाठली आणि दुकान टाळून सरळ त्याच्या घरी गेलो.

वहिनी दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. समोर आमचाच कोड.

"हे तुमी लिहून राह्यल्या?"

त्या दचकल्या, पण लॅपटॉप मिटला नाही. "धुळीनं माखलेल्या पानाले आपलं ॲप रोगट म्हणते, भाऊजी. ते दुरुस्त करून पाहून राह्यली."

"मंग स्वतःच्या नावानं काहून नाही?"

"माह्या नावानं आलं असतं, तर तुमी उघडून पाह्यलं असतं काय?"

त्या कॉम्प्युटर शिकल्या आहेत, हे मला लग्नातच कळलं होतं. पुढं कधी विचारलं नव्हतं. मी धुळकट पानांचे फोटो टाकून पाहिले. उत्तरं बरोबर आली. तिथेच त्यांचं खातं उघडून दिलं, आणि त्यांचं काम त्यांच्या नावानं मूळ कोडमध्ये मिळवलं.

मित्र जेवायला आला. स्क्रीन पाहिली, तांब्याभर पाणी प्यायला.

"अन् मागची ते ब्रँच," मी विचारलं, "जिच्यासाठी मी तुले शाबासकी देलती, ते कोणाची?"

त्यानं वहिनींकडे पाहिलं. "माहीच."

वहिनी लॅपटॉप उचलून आत गेल्या.