माझा नसलेला नवस

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माझे सगळे नखरे ठाऊक आहेत, हे नाही. आईलाही नाही. जिला पहिल्यापासून सगळं माहीत आहे, तिच्यापुढे तर मी हा विषय कधी काढलाच नाही — आणि तिनंही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघते, जमतं का.

आधी लहान गोष्ट कबूल करते, मोठी तिच्या मागून येईलच. मला गोष्टी वाचून काही वाटत नसे. जव्हारला अकरावीत असताना इंग्रजीत मी वर्गात पहिली होते, आणि तरी — काहीच नाही. एखाद्या धड्यात म्हातारी एकटी मरायची, मुली डोळे पुसायच्या, मी वरच्या पंख्याकडे बघत बसायची. हा पंखा गरगरतो तरी वारा का लागत नाही, असले विचार. पण बोलायचं काय ते मला बरोबर कळलं होतं. आमचे इंग्रजीचे सर नवे होते, कोल्हापूरकडचे, अंगानं काटकुळे. गाइडमधली उत्तरं त्यांना खपत नसत. धडा संपला की पुस्तक मिटून एकच विचारायचे, "काय वाटलं?" कोणत्या हाकेला बैल वळतो हे जसं ओळखीचं होतं, तसे सर कोणत्या शब्दाला खुलतात ते मला महिन्याभरात कळलं. मी उभी राहायची, जरा थांबायची — हे थांबणं महत्त्वाचं — आणि हळू आवाजात इंग्रजीतून सांगायची की गोष्ट काळजाला भिडली. सरांचा चेहरा उजळायचा. त्या उजळण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच.

माझ्या शेजारी येसू बसायची. आमचं गाव मोखाड्याच्या पलीकडे, आणि गावात आमच्या दोघींच्या घरांत एका कुडाचं अंतर. त्यांच्याकडे भांडं पडलं तरी आमच्याकडे कळायचं. दहावीनंतर दोघी जव्हारच्या सरकारी वसतिगृहात आलो, खोली एक, बाक एक. येसूला इंग्रजी समजायचं, पण बोलायची वेळ आली की शब्द ओठांपर्यंत येऊन खाली बसायचे. वाचताना मात्र ती ओळीखाली बोट धरायची आणि मधेच पुस्तक मिटायची. एकदा गोष्टीतलं कुत्रं मेलं तर ही बाई रात्री जेवली नाही. मी हसले, म्हटलं, अगं खोटं असतं ते सगळं. तर मला म्हणाली, "खोटा हाय त मंग रडू कसा येतं?"

आजही मुलांना शिकवताना ते वाक्य आठवतं आणि मी खडू शोधायला लागते.

आता महादूचं सांगायला हवं. महादू म्हणजे येसूचा धाकटा भाऊ. दिवाळी झाली की तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, तसे आमच्या बाजूची निम्मी घरं जातात. आम्ही नववीत होतो तेव्हा भट्टीवरच महादूला ताप भरला. बाप — लक्षाकाका म्हणायचे मी त्यांना — तिथूनच देवाला बोलले, पोर उठला तर पाच वर्षं बोहाड्यात नरसिंहाचं सोंग नाचवीन. पोर उठला नाही. त्याला तिकडेच माती देऊन ते आले.

बोहाडा तुम्ही पाहिला नसेल तर एवढंच सांगते, होळीनंतर मोखाड्यात देवांचे नि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं संबळावर नाचतात. नरसिंहाचा मुखवटा जड. अंगात येतं म्हणून कमरेला फडकं बांधून मागून दोघांनी धरावं लागतं. आणि आमच्या गावची एक रीत आहे. लेकराच्या नवसानं जो सोंग घेतो, तो टेकला की पहिलं पाणी त्याच लेकराच्या हातून प्यायचं. त्या होळीला सगळ्यांना वाटलं, नवस सुटला, लेकरूच नाही तर कसला नवस? गावातल्या जाणत्यांनीही तेच सांगितलं. लक्षाकाका ऐकून घेऊन म्हणाले, "मी बोललू ते देवासंगं. पोरासंगं नाय." आणि मुखवटा चढवला. पाण्याचा लोटा येसूनं धरला.

मी तिथं होते. कुडापलीकडचं तिच्या आईचं रडणंही मी ऐकलं होतं. तेव्हा मला जे झालं होतं ते खरं होतं. निदान मला असं वाटतं.

अकरावीच्या हिवाळ्यात सरांनी आम्हाला एक सिनेमा दाखवला. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना वसतिगृहातली घोंगडी लावून अंधार केला, प्रोजेक्टर कुठूनसा मागून आणला. सिनेमा बर्फाच्या मुलखातला. एका लाकूडतोड्याचा मुलगा आजारी पडतो. बाप देवाला शब्द देतो, पोर जगलं तर पाठीवर धोंडा घेऊन डोंगरावरच्या देवळापर्यंत चढेन. पोर जगत नाही. त्याला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी बाप धोंडा उचलतो नि चढायला लागतो. पुढे शेवटपर्यंत नुसतं चढणं. बोलणं नाही, गाणं नाही.

मागची मुलं खिदळली. एक जण म्हणाला, आता मेल्यावर कशाला? सरांनी प्रोजेक्टर बंद केला. घोंगडी तशीच होती, भोकांतून येणाऱ्या अंधुक उजेडात त्यांचा आवाज आला, "बरोबर विचारलंस. का चढतो तो?"

आणि माझ्या कोपराला काहीतरी घासून वर गेलं — येसूचा हात. त्या वर्षात तिनं पहिल्यांदा हात वर केला होता. तिचे ओठ हलत होते, पहिलं वाक्य जुळवत होती. सर दुसरीकडे बघत होते. त्यांना दिसला नाही.

मला दिसला. ती काय सांगणार हे मला ठाऊक होतं. आणि ऐका, सिनेमा बघताना मला काही म्हणता काही वाटलं नव्हतं, मी आपली घोंगड्याची भोकं बघत होते. पण तो हात बघून मला भीती वाटली. सरांनी हिचं मोडकंतोडकं एकदा ऐकलं तर माझं सफाईदार बोलणं त्यांना पुन्हा गोड लागेल का? मी पोकळ आहे हे त्यांना कळेल. म्हणून मी उठले.

मी सांगितलं की माझा धाकटा भाऊ वीटभट्टीवर तापानं गेला. माझ्या वडिलांनी नवस बोलला होता. भाऊ गेला तरी माझे वडील नाचतात, आणि लोकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले — ते वाक्यसुद्धा मी सोडलं नाही. छान भाषांतर केलं त्याचं. माझा खरा भाऊ तेव्हा ठाण्याला वडिलांजवळ सहावीत होता, वडापाव खाऊन गुबगुबीत. वडील एका सोसायटीत वॉचमन. बोहाड्यात ते कधी नाचले नाहीत, त्यांना गर्दीचा त्रास होतो.

तोंडून निसटलं म्हणू? पुष्कळदा म्हणून पाहिलं. 'माझे वडील' ऐवजी 'हिचे वडील' म्हटलं असतं तरी उत्तर तितकंच बरोबर होतं. पण मग सगळ्या माना येसूकडे वळल्या असत्या. ते नको होतं मला.

सर चष्मा पुसत राहिले. आणि येसूनं हात खाली घेतला — एकदम नाही. सावकाश डोक्याकडे नेला नि केसांतली पीन नीट केली, जणू त्यासाठीच वर केला होता.

संध्याकाळी मी उत्तर तयार ठेवलं होतं. तू घाबरलीस म्हणून मी बोलले, असं काहीतरी. तिनं विचारलंच नाही. जेवताना माझ्या ताटात नेहमीसारखी आमटी वाढली. तिनं भांडायला हवं होतं, निदान माझ्या झिंज्या तरी उपटायच्या. काहीच न करून तिनं मला मोकळी ठेवली, आणि मी त्या मोकळेपणाचा फायदा घेतला.

होळी झाली आणि सर म्हणाले, तुझ्या वडिलांना बघायचंय. मी नाना सबबी सांगितल्या. ते आलेच. शेवटच्या दिवशी, रात्र सरून उन्हं अंगणात आली तरी सोंगं चालू होती. सर माझ्या उजव्या हाताला, येसू डाव्या हाताला लोटा घेऊन. संबळ वाढला आणि नरसिंह निघाला, मागून दोघांनी फडकं खेचून धरलेलं. सरांनी विचारलं, "हेच का?" मुखवट्याआड कोण आहे ते कुणाला दिसतं? मी मान हलवली. सर वाकून येसूला म्हणाले, "तू ओळखतेस ना यांना? एकाच गावच्या तुम्ही." मनात म्हटलं, संपलं.

येसू म्हणाली, "हां सर. तिचाच बापूस हाय तो."

मग पुढचं. नरसिंह पारावर टेकला. पाणी द्यायची वेळ. पाण्याची रीत मी सरांना सांगून बसले होते; येसू पुढे गेली असती तर त्यांना कळलं असतं. तिनं लोटा माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही. मी — काय करायला हवं होतं मी? ते मलाही तेव्हा कळत होतं. मी लोटा घेतला आणि गेले. महादूच्या जागचं पाणी मी घेऊन गेले. लक्षाकाकांनी मुखवटा हनुवटीपाशी उचलला, डोळे घामानं भरलेले, त्यांना हात तेवढे दिसले असतील. घोटभर प्यायले. मग थांबले, मान वर करून नीट बघितलं आणि विचारलं, "येसू कठं हाय?"

"येते, काका," मी म्हटलं. संबळामुळे सरांना ऐकू गेलं नाही. ते दुरून हात जोडून उभे होते.

त्यानंतर येसूनं वर्गात हात वर केला नाही. बारावी काठावर पास झाली, वावर गावात दिली तिला, दिवाळीनंतर आता तीही नवऱ्याबरोबर भट्टीवर जाते. सरांनी माझ्यासाठी नाशिकच्या कॉलेजात शब्द टाकला. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. सर दर वर्षी नव्या मुलांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगतात. साहित्य कसं वाचावं याचं उदाहरण म्हणून.

मागच्या पावसाळ्यात लक्षाकाका गेले. मला गावाहून कळलं. मी गेले नाही — शाळा होती म्हटलं, रस्ता खचला होता म्हटलं. रस्ता खचला होता हे खरंय, पण माणसं चालत जात होती. त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "बाबा कसे आहेत तुझे? अजून नाचतात?"

माझे वडील नोकरी सोडून आता माझ्याकडेच असतात. तेव्हा ते समोर बसून टीव्ही बघत होते. आवाज जरा कमी करा म्हणून मी त्यांना हातानं खुणावलं.

आणि म्हटलं, "नाही सर. गेले."

सर मग बोलले, अगदी मनापासून, बाप गेल्यावर माणसाशी बोलावं तसं. मी रडले. वडिलांनी मागे वळून विचारलं, कोण गेलं गं? मी फोन कानाला धरून सरांचं सगळं सांत्वन शेवटपर्यंत ऐकून घेतलं. येसूकडे मी अजून गेलेली नाही.