कालपासून काय बदललं?

"काल चालू होता नं? मंग कालपासून काय बदललं?"

दारात चपला काढता काढताच तो हे विचारायचा. कॉम्प्युटरकडे आधी बघायचाच नाही, माणसांकडे बघायचा. आणि आमच्या अकोल्याच्या ऑफिसातली सहाच्या सहा माणसं पटापट कबूल व्हायची. कोणी गाण्यांची सीडी लावलेली असायची, कोणी प्रिंटरची पिन काढून तिथे टेबलपंखा खोचलेला असायचा. मी विचारलं की मात्र सगळ्यांचं एकच उत्तर, "आमी तं हातबी नाई लावला."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा दुरुस्तीवाला येत असेल. सगळे त्याची वाट बघत असतील. पण त्याला पाहून कपाळाला आठी घालणाराही कोणी तिथे आहे का, ते जरा बघा. आमच्याकडे तो मी होतो.

तो यायच्या आधी ऑफिसातला कॉम्प्युटरचा जाणकार मी होतो. तीन महिन्यांचा कोर्स, परीक्षेत शंभरापैकी एक्क्याण्णव. तो शाळा सातवीत सोडून रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर असं शिकत आलेला. सगळे त्याला 'भाई' म्हणत. वानखडे बाई त्याच्यासाठी कमी साखरेचा चहा वेगळा सांगत. मला साखर किती लागते, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. पूर्वी आठवड्यात चौदा-पंधरा वेळा लोक मला हाक मारायचे, "सर, जरा इकडं या नं." तो येऊ लागल्यावर दोन वेळा. मी मोजलं आहे.

एकदा घरचा मॉनिटर बिघडला म्हणून तो घरी आला. मुलीने त्याला अभ्यासातलं काहीतरी विचारलं. "मले नाई मालूम, बेटा. इचारून येतो," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी नुसतं उत्तर सांगायला सायकल मारत पुन्हा आला. रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना येत नसलं तं ते सरळ सांगतात." मी भाकरीचा एक घास बराच वेळ चावत बसलो.

ती नापिकीची वर्षं होती. पिकं हातची जायची आणि गावोगावचे पंचनामे आमच्याकडे यायचे. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, किती क्षेत्र गेलं, हे सगळं मी कॉम्प्युटरमध्ये भरायचो. तयार यादी अमरावतीच्या वरच्या ऑफिसात जायची. मुदतीत गेली नाही तर अख्खं गाव भरपाईवाचून राहून जायचं. हिवरखेडची यादी सगळ्यांत मोठी. ती नुसती उघडायलाच तीन मिनिटं चाळीस सेकंद लागत.

"मेमरी कमी पडून राह्यली, भाऊ," तो मला म्हणाला. "मी आनतो, पन जुळनारी पाहा लागते. आठ दिवस द्या."

"भाई म्हणतात तर थांबू," साहेब म्हणाले.

मी थांबलो नाही. रविवारी एका लग्नासाठी अमरावतीला गेलो होतो. तिथल्या दुकानातून दुप्पट मेमरीची पट्टी आणली आणि सोमवारी सगळ्यांच्या अर्धा तास आधी ऑफिस उघडलं. झाकण काढलं, जुनी पट्टी काढली, नवी बसवली. हिवरखेडची यादी एक मिनिट दहा सेकंदांत उघडली. आता लोक येतील, बघतील, या कल्पनेनेच मी खुर्ची जरा दाराकडे वळवली.

तिसरा गट नंबर भरला आणि पडदा निळा झाला. बंद करून चालू केलं, पुन्हा निळा. तिसऱ्यांदाही तेच. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मी नवी पट्टी ओढून डब्याच्या पिशवीत टाकली, जुनी घाईघाईने दाबली आणि झाकण लावलं. कॉम्प्युटर सुरू झाला. मला वाटलं, सुटलो. सातव्या मिनिटाला तो पुन्हा बंद पडला. जुन्या पट्टीवरसुद्धा! त्या दिवशी एकूण अकरा वेळा. किती वाजता, काय उघडलेलं असताना, हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं.

दुपारी तो आला.

"काल चालू होता नं, भाऊ?"

"काल रविवार होता. शनिवारी चालू होता."

"मंग शनवारपासून काय बदललं?"

"काई नाई."

"झाकन गिकन?"

"कोनी हातबी नाई लावला."

"भाऊ म्हन्तात म्हंजे खरं," तो म्हणाला आणि झाकणाला हात न लावता कामाला बसला. दोन दिवस बसला. व्हायरस शोधला, फॉन्ट काढून पुन्हा टाकले, इन्व्हर्टर तपासला, यादीचे तुकडे करून पाहिले. माझी वही उघडून तो वानखडे बाईंना म्हणाला, "पाहा बाई, असं वेळेवार लिहून ठेवनारा मानूस मी तं नाई पाह्यला." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अमरावतीहून साहेबांना दोनदा फोन आले. दोन्ही वेळा साहेब उभे राहून बोलले. यादी शुक्रवारी पोचायची होती.

बुधवारी त्याने झाकण काढलं. मेमरीच्या पट्टीची एका बाजूची खिटी उघडीच होती. आजूबाजूच्या धुळीत चार बोटं स्पष्ट उमटलेली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पट्टी काढली, तिचे पिवळे दात खोडरबरने पुसले आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली. खट्ट आवाज आला.

"काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"धूळ होती, सायेब."

"आणि ती दोन दिवस सापडली नाही?"

"नाई सापडली. मले समजलंच नाई."

यादी शुक्रवारी पाच वाजता गेली. पुढच्या महिन्यापासून साहेबांनी अमरावतीचा दुसरा दुरुस्तीवाला ठरवला. "धुळीसाठी दोन दिवस घालवणारा माणूस काय कामाचा?" असं ते म्हणाले तेव्हा वानखडे बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांची अपेक्षा होती. मी बोललो नाही. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. त्या आठवड्यात मला नऊ हाका आल्या.

आमचं ऑफिस हेच त्याचं बांधलेलं काम होतं. ते गेल्यावर तो परतवाड्याला मेहुण्याच्या मोबाइलच्या दुकानात गेला, असं वानखडे बाईंकडून कळलं. त्यांनी ते सांगितलं सगळ्यांना, पण बघत माझ्याकडे होत्या.

चार-पाच महिन्यांनी कॉम्प्युटर पुन्हा अडला. नव्या माणसाने झाकण काढून माझ्या टेबलावर उलटं ठेवलं आणि तो चहाला गेला. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवलेला होता; त्या सोमवारी घाईत तो मला दिसलाच नव्हता. भाईचं बारीक, तिरकं अक्षर. प्रत्येक दुरुस्ती, कारणासकट. 'पंखा बदलला.' 'उंदरानं वायर खाल्ली.' 'वानखडे बाईच्या हातून पानी सांडलं.' शेवटची ओळ, 'धूळ.'

तो कागद पुढचा दुरुस्तीवाला सोडून कोणी वाचणार नव्हतं. बाईंचं पाणी त्याने लिहिलं होतं. तिथेही माझं नाव नव्हतं.

मी पेन काढून खाली लिहिलं, 'धूळ नव्हती. मी मेमरी बदलून पाहिली, जुनी परत बसवताना वाकडी बसवली आणि विचारल्यावर नाही म्हणालो.' खाली सही केली. झाकण दोन्ही हातांत धरून साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेबांनी दोनदा वाचलं. मला बसा म्हणाले नाहीत. वानखडे बाईंकडून नंबर मागवून त्यांनी परतवाड्याला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. साहेबांनी सगळं सांगितलं, परत या म्हणाले, मग बराच वेळ ऐकत राहिले आणि एकाएकी मोठ्याने हसले.

"नाही येत म्हणतात. तिकडे बस्तान बसलं त्यांचं," फोन ठेवून ते मला म्हणाले. "मला म्हणाले, भाऊंना रागावू नका."

एवढं बोलून ते पुन्हा स्वतःशीच हसले. अकरा वर्षांत ते माझ्याशी एकदाही तसे हसले नव्हते. मी झाकण धरून उभा होतो, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला त्या माणसाचा हेवाच वाटला.